दिवाळखोरीनंतर टॅक्स कोड ‘एनटी’ का होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळखोरीचा आदेश निघतो आणि महिना-दोन महिन्यांत पगार अडीचशे-तीनशे पौंडांनी जास्त जमा होतो. माणूस चक्रावतो. देणी फिटली नाहीत म्हणून हात वर केले, बँकेने खातं गोठवलं, आणि पगार वाढला? पेरोलच्या, म्हणजे पगार काढण्याच्या, कामात हा प्रश्न घेऊन येणारे दोन प्रकारचे लोक मला भेटले: पैसे खर्च करण्याआधी विचारणारे आणि खर्च झाल्यावर विचारणारे. दुसऱ्यांना उत्तर देताना फार जड जातं.

खालची माहिती ब्रिटनमधली आहे, आणि दिवाळखोरीपुरती ती इंग्लंड व वेल्सची आहे. आकडे २०२५-२६ या करवर्षाचे आहेत.

टॅक्स कोड म्हणजे काय, अगदी थोडक्यात?

तुमच्या पगारातला किती भाग करमुक्त धरायचा आणि उरलेल्यावर कोणत्या दराने कर कापायचा, हे एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचं कर खातं, मालकाला एका छोट्या खुणेने कळवते. ती खूण म्हणजे टॅक्स कोड. बहुतेकांचा कोड १२५७एल असतो. वर्षाला १२,५७० पौंड करमुक्त, त्यातला शेवटचा आकडा गाळला की १२५७. करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि ५ एप्रिलला संपतं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तिचं बरंच काम आहे.

बाकीच्या अक्षरांचा अर्थ काय?

बीआर म्हणजे सगळ्या रकमेवर सरसकट २० टक्के. हा बहुधा दुसऱ्या नोकरीला लागतो. डी० म्हणजे सगळ्यावर ४० टक्के, डी१ म्हणजे ४५. ०टी म्हणजे करमुक्त हिस्सा शून्य. केने सुरू होणारा कोड म्हणजे करमुक्त रकमेपेक्षा वजावटीच जास्त, उदाहरणार्थ कंपनीची गाडी किंवा जुनी थकबाकी. मात्र के कोड कितीही मोठा असला तरी मालक एका पगारातून निम्म्यापेक्षा जास्त कर कापू शकत नाही. आधी एस असेल तर स्कॉटलंडचे दर, सी असेल तर वेल्सचे. मागे एम१ किंवा डब्ल्यू१ लागलं असेल तर प्रत्येक महिन्याचा किंवा आठवड्याचा हिशेब सुटा होतो आणि मागच्या महिन्यांचा कर त्यात धरला जात नाही.

एनटी म्हणजे ‘नो टॅक्स’. दिवाळखोरीनंतर गोंधळ घालतो तो हाच.

मग एनटी म्हणजे करमाफी झाली का?

नाही. एरवी तुमच्या पगारातून एचएमआरसीकडे गेली असती ती रक्कम आता तुमच्या हातात येते आणि तुमच्या हातून ऑफिशियल रिसीव्हरकडे (दिवाळखोरीचं काम पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाते. मधल्या काही दिवसांत ती तुमच्या खात्यात बसलेली असते, एवढाच फरक.

पगाराच्या दोन स्लिपा शेजारी ठेवून बघू. महिन्याचा पगार २,४०० पौंड, पेन्शनची कपात सोपेपणासाठी सोडून देऊ. १२५७एल कोडवर आयकर साधारण २७० पौंड, नॅशनल इन्शुरन्स (सरकारी पेन्शन वगैरेंसाठीची सक्तीची कपात) साधारण १०८, हातात २,०२२. एनटी कोडवर आयकराच्या रकान्यात शून्य, नॅशनल इन्शुरन्स तेच १०८, हातात २,२९२. त्यातले २७० ऑफिशियल रिसीव्हरला दिले की उरले २,०२२. म्हणजे होतात तिथेच.

आता समजा आदेश सप्टेंबरच्या सुरुवातीला निघाला आणि एनटी कोड ऑक्टोबरच्या पगाराला लागू झाला. ऑक्टोबर ते मार्च असे सहा पगार. सहा गुणिले २७० म्हणजे १,६२० पौंड. ज्याने ते ‘चला, देवाने दिले’ म्हणून वापरले, त्याच्यापुढे वसंत ऋतूत १,६२० पौंडांचं नवं देणं उभं राहतं.

म्हणून माझा आग्रह असतो की एनटीची पहिली स्लिप आली की त्याच दिवशी फरकाची रक्कम बाजूला काढावी. वेगळं खातं असेल तर उत्तम, नसेल तर बँकेच्या ॲपमधला वेगळा कप्पा चालेल. पत्र यायची वाट पाहू नये, कारण पत्र बहुतेक वेळा पैशांच्या मागून येतं.

एचएमआरसी स्वतःचा कर असा सोडून का देते?

सोडून देत नाही, रांगेत उभी राहते. ज्या करवर्षात दिवाळखोरी झाली त्या वर्षीच्या पगारावरचा कर एचएमआरसी दिवाळखोरीतलं येणं म्हणून धरते, क्रेडिट कार्डवाले आणि कर्ज देणाऱ्या बँका जशा आपलं येणं नोंदवतात तसं. येणं एकदा तिथे नोंदवलं की तेच पैसे पगारातून पुन्हा कापणं बरोबर ठरणार नाही. म्हणून कोड एनटी. मोकळी झालेली रक्कम ‘उत्पन्न’ म्हणून ऑफिशियल रिसीव्हर गोळा करतो, आणि खर्च वजा जाता ती सगळ्या धनकोंसाठी वापरली जाते.

हे पैसे कोणत्या कागदाने मागतात?

इन्कम पेमेंट्स ॲग्रीमेंट, बोलताना सगळे आयपीए म्हणतात. १९८६च्या इन्सॉल्व्हन्सी ॲक्टमध्ये त्याची तरतूद आहे. तुम्ही सही करून मान्य केलं तर तो करार. सही केली नाही तर ऑफिशियल रिसीव्हर कोर्टाकडून आदेश मागू शकतो, त्याला इन्कम पेमेंट्स ऑर्डर म्हणतात आणि त्यात मालकालाच परस्पर पैसे पाठवायला सांगता येतं. सही टाळून फारसं काही साधत नाही.

इथे दोन गोष्टी एकात एक मिसळतात, त्या वेगळ्या ठेवा. एक आयपीए फक्त एनटीच्या रकमेचा असतो आणि तो करवर्षाच्या शेवटापर्यंत चालतो. दुसरा नेहमीचा आयपीए. घरभाडं, वीज, जेवणखाण, प्रवास असे वाजवी खर्च वजा करून महिन्याला २० पौंड किंवा जास्त उरत असतील तर तो लागतो आणि तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. काहींना दोन्ही लागतात, काहींना फक्त पहिला. ‘माझ्याकडे महिनाअखेर काही उरत नाही, मग मला आयपीए कसा?’ असं विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एनटीचाच करार असतो.

घरखर्चाचा ताळमेळ मुळातच तुटीत असेल तर मात्र गप्प बसू नका. खर्चाचा तक्ता पाठवा आणि तूट किती ते आकड्यात सांगा. फोनवरच्या गाऱ्हाण्यापेक्षा तक्ता जास्त काम करतो.

आदेश निघून महिना झाला, कोड अजून १२५७एलच आहे. काही चुकलं का?

बहुतेक नाही. ऑफिशियल रिसीव्हरने एचएमआरसीला कळवायचं, एचएमआरसीने मालकाला, आणि मालकाच्या पेरोलने त्या महिन्याचं काम बंद करण्याआधी ते हातात पडायचं. कित्येक ठिकाणी पेरोल महिन्याच्या मध्यालाच बंद होतं. तोपर्यंत कर नेहमीसारखा कापला गेला तर त्या महिन्याचे पैसे तुमच्या हातात आलेलेच नाहीत, त्यामुळे ते द्यायचेही नाहीत. कोड बदलण्याआधीच हप्ता मागणारं पत्र आलं तर त्या महिन्याच्या स्लिपची प्रत पाठवा. रक्कम दुरुस्त होते.

मार्चमध्ये आदेश निघाला असेल तर एनटी कोड पोचेपर्यंत करवर्षच संपतं, आणि हा सगळा प्रकार तुमच्या वाट्याला येतही नाही.

स्लिपवर एनटीबरोबर एकदम हजारभर पौंडांचा परतावा दिसतोय. हा माझा?

खर्च करू नका. कोडामागे एम१ असेल तर मागच्या महिन्यांचा कर तसाच राहतो आणि फक्त पुढचा थांबतो. पण एनटी साधा, म्हणजे एम१ न लावता चालवला गेला, तर पेरोलचं सॉफ्टवेअर एप्रिलपासूनचा पूर्ण हिशेब करतं, कर शून्य ठरवतं आणि आजवर कापलेला सगळा कर एका फटक्यात परत देतं. सॉफ्टवेअरला दिवाळखोरी कळत नाही, ते दिलेला कोड चालवतं. स्लिपची प्रत काढा, ऑफिशियल रिसीव्हरला त्याच आठवड्यात कळवा आणि लेखी उत्तर येईपर्यंत रकमेला हात लावू नका.

नॅशनल इन्शुरन्स, स्टुडंट लोन, पेन्शन यांचं काय होतं?

एनटी फक्त आयकराला लागू आहे. नॅशनल इन्शुरन्स कापला जातच राहतो, आणि तो कापला जाणं तुमच्या सरकारी पेन्शनच्या दृष्टीने चांगलंच. स्टुडंट लोन दिवाळखोरीत माफ होत नाही, त्याचा हप्ता पगारातून जातो. कामाच्या ठिकाणच्या पेन्शनची वर्गणीही चालू राहते, मात्र ती अवाजवी मोठी असेल तर ऑफिशियल रिसीव्हर प्रश्न विचारतो.

युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नावर मिळणारा सरकारी भत्ता) मिळतं. त्यावर परिणाम होतो?

होतो, आणि याबद्दल कुणी आधी सांगत नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत अवघड कोपरा.

युनिव्हर्सल क्रेडिट ठरवताना कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनची वर्गणी वजा जाता हातात येणारा पगार बघतात. हा आकडा मालकाकडून एचएमआरसीमार्फत आपोआप जातो. एनटीमुळे तो आकडा २७० पौंडांनी फुगतो. हातातल्या प्रत्येक जादा पौंडामागे युनिव्हर्सल क्रेडिट ५५ पेन्सांनी कमी होतं, म्हणजे महिन्याला साधारण १४८ पौंड गेले. तिकडे ऑफिशियल रिसीव्हर पूर्ण २७० मागतोय. कागदावर तुमचं उत्पन्न वाढलं, प्रत्यक्षात घरात दीडशे पौंडांचा खड्डा पडला.

उपाय एकच. एनटीच्या आधीचं आणि नंतरचं अशी युनिव्हर्सल क्रेडिटची दोन्ही विवरणं ऑफिशियल रिसीव्हरला पाठवा आणि आयपीएची रक्कम त्या फरकाने कमी करण्याची लेखी विनंती करा. करारावर सही करण्याआधी हे केलेलं बरं. सही झाली असली तरी परिस्थिती बदलली म्हणून रक्कम पुन्हा तपासायला सांगता येतं.

एनटी कधी संपतो? दिवाळखोरी संपली की?

इथे तीन-चार घड्याळं एकाच वेळी चालतात आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. एनटी ५ एप्रिलला संपतो, दिवाळखोरी कधीही सुरू झालेली असो. दिवाळखोरीतून सुटका साधारण आदेशापासून १२ महिन्यांनी होते. नेहमीचा आयपीए तीन वर्षांपर्यंत जाऊ शकतो, सुटका झाल्यावरही. क्रेडिट रिपोर्टवरची नोंद सहा वर्षं राहते. ‘माझी सुटका झाली, आता हप्ता बंद’ असं परस्पर ठरवून स्टँडिंग ऑर्डर रद्द करणारे लोक मी पाहिले आहेत. करारावर शेवटच्या हप्त्याची तारीख लिहिलेली असते, ती बघावी.

सुटकेची तारीखही आपोआप मिळते असं गृहीत धरू नका. ऑफिशियल रिसीव्हरला सहकार्य केलं नाही, माहिती दडवली, तर ती लांबवता येते.

एप्रिल संपला, मेची स्लिप आली, कोड अजून एनटीच. मजाच की?

ही मजा महागात पडते. ६ एप्रिलनंतरच्या पगारावरचा कर दिवाळखोरीत मोडत नाही, तो तुमचा नवा कर आहे. चूक कुणाचीही असो, तो भरावा लागतो. एचएमआरसीच्या हे लक्षात आलं की पुढच्या वर्षीचा कोड कमी करून किंवा थेट मागणी करून वसूल करतात, आणि त्या वेळी ‘मी तर दिवाळखोर’ हे उत्तर चालत नाही. एप्रिलच्या शेवटी पहिली स्लिप हातात आली की सगळ्यात आधी कोडाचा रकाना बघा. तिथे १२५७एल किंवा तुमच्या परिस्थितीप्रमाणे असायला हवा तो कोड नसेल तर एचएमआरसीच्या ॲपवर किंवा पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये जाऊन कळवा. पेरोलला सांगून उपयोग नाही, मालकाला स्वतःहून कोड बदलता येत नाही. आम्ही लोकांना हे सांगतो तेव्हा त्यांना ती टोलवाटोलवी वाटते, पण नियमच तसा आहे.

दिवाळखोरीच्या आधी माझा कोड ९५७एल होता. तो परत तसाच येणार का?

येऊ नये. ९५७ म्हणजे नेहमीच्या १२५७मधून ३०० कमी, म्हणजे ३,००० पौंडांची करमुक्त रक्कम काढून घेतलेली. तिच्यावर २० टक्के म्हणजे वर्षाला ६०० पौंड. बहुधा मागच्या एखाद्या वर्षी कर कमी भरला गेला होता आणि एचएमआरसी तो असा हळूहळू वसूल करत होती. आदेशाच्या आधीच्या वर्षांचा तो कर आता दिवाळखोरीतलं देणं आहे. कोडातून तो पुन्हा वसूल व्हायला नको.

पण संगणक जुना आकडा नव्या वर्षात ओढून आणतो, असं घडतं. नव्या वर्षाच्या कोडाची नोटीस आली की तिच्यातला हिशेब ओळीओळीने वाचा. मागच्या वर्षाची थकबाकी अशा अर्थाची ओळ दिसली की ती कोणत्या वर्षाची ते बघा. वर्ष दिवाळखोरीच्या आधीचं असेल तर आदेशाची तारीख देऊन काढून टाकायला सांगा. कंपनीच्या गाडीची किंवा खासगी आरोग्यविम्याची ओळ मात्र राहणारच, ती थकबाकी नव्हे.

मागच्या वर्षांचा करपरतावा मिळणार होता. तो कुणाचा?

आदेशाच्या आधी संपलेल्या वर्षांचा परतावा तुमच्या मालमत्तेचा भाग धरला जातो, म्हणजे ऑफिशियल रिसीव्हरचा. एचएमआरसीचं तुमच्याकडे काही येणं असेल तर ती आधी त्यात वळतं करून घेते. चेक तुमच्या नावाने घरी आला म्हणून तो तुमचा होत नाही. दिवाळखोरीनंतर सुरू झालेल्या करवर्षांत जास्त कापला गेलेला कर साधारणपणे तुमचा, पण आयपीए चालू असेल तर तोही कळवावा लागतो.

मी नोकरी करत नाही, स्वतःचा धंदा आहे. एनटी मला लागू होतो?

पगार नाही तर कोड नाही. तुमचं काम सेल्फ असेसमेंटवर, म्हणजे स्वतः विवरणपत्र देऊन कर भरण्यावर, चालतं. आदेशाच्या तारखेपर्यंतच्या नफ्यावरचा कर दिवाळखोरीत जातो, त्यानंतरचा तुम्ही भरायचा. म्हणून आदेशाच्या दिवशी हिशेबाच्या वहीत रेघ मारा: त्या दिवसापर्यंतची बिलं आणि खर्च एकीकडे, नंतरचे दुसरीकडे. विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन भरण्याची जबाबदारी दिवाळखोरीने जात नाही. नवा कर दर महिन्याला बाजूला काढत राहा, कारण तो कापून घेणारा मालक तुम्हाला नाही.

साहेबांना कळेल का?

कोडाच्या सूचनेत कारण लिहिलेलं नसतं, फक्त ‘एनटी’ आणि तारीख. परदेशी पाठवलेल्या काही कर्मचाऱ्यांनाही हा कोड लागतो. तरी इथेच काम करणाऱ्या माणसाचा कोड अचानक एनटी झाला की मुरलेला पेरोलवाला ओळखतो, हे खोटं कशाला सांगू. ती माहिती विभागाबाहेर नेण्याचं त्याला काही कारण नसतं. तसंही दिवाळखोरी द गॅझेट या सरकारी राजपत्रात छापली जाते आणि इन्सॉल्व्हन्सी रजिस्टरवर कुणालाही फुकट बघता येते. त्या रजिस्टरवरून नाव सुटकेनंतर तीन महिन्यांनी निघतं.

मधेच नोकरी बदलली तर?

एचएमआरसी आणि ऑफिशियल रिसीव्हर, दोघांनाही लगेच कळवा. नव्या ठिकाणी पी४५ (जुन्या मालकाने दिलेला पगार-कराचा दाखला) दिला नाही आणि स्टार्टर चेकलिस्ट हा नव्या कर्मचाऱ्याचा फॉर्मही भरला नाही तर ०टी लागतो आणि पहिल्याच पगारात मोठी कपात होते. नव्या पगाराचा आकडा बदलला की आयपीएचा आकडाही बदलतो, दोन्ही दिशांनी.

एप्रिलच्या आसपास तारीख साधून अर्ज केला तर काही वाचतं का?

एनटीपुरतं नाही. एप्रिलमध्ये अर्ज केला तर जवळजवळ वर्षभर हातात जास्त पैसे येतात आणि वर्षभर ते जातात. फेब्रुवारीत केला तर एखाद-दोन महिने. हातात उरायचं ते सारखंच. तगादे आणि व्याज चालू असताना केवळ कोडासाठी थांबणं मला पटत नाही.

भारतातल्या फ्लॅटचं भाडं आणि एफडीचं व्याज सांगावं लागतं?

हो. ब्रिटनच्या दिवाळखोरीत जगात कुठेही असलेली मालमत्ता येते, आणि भाडं-व्याज हे उत्पन्न म्हणून खर्चाच्या तक्त्यात दाखवावं लागतं. ‘तिकडचं तिकडे’ हा हिशेब इथे लागू नाही. आईवडिलांबरोबर नावं एकत्र असतील तर तुमचा हिस्सा किती, ते कागदांसह आधीच सांगितलेलं चांगलं.

स्कॉटलंडमध्ये राहतो. हेच नियम?

नाही. तिथे दिवाळखोरीला सिक्वेस्ट्रेशन म्हणतात, कायदा वेगळा, काम पाहणारा ट्रस्टी वेगळा, आणि उत्पन्नातून द्यायचा हप्ता साधारण ४८ महिने चालतो. कोडाबद्दल तिथल्या ट्रस्टीलाच विचारा.

वर्षभराने एचएमआरसीचं पत्र आलं: ‘तुम्ही कर कमी भरला आहे’. पैसे भरू?

आधी वर्ष बघा. पत्र एनटी असलेल्या वर्षाचं असेल तर ती मागणी बहुधा कोडाचं कारण न बघता निघालेली असते. पी६०वर, म्हणजे वर्षअखेरच्या पगार-कराच्या दाखल्यावर, त्या वर्षाचा कर कमी दिसतो, संगणकाला तेवढंच दिसतं. आदेशाची प्रत, एनटीची नोटीस आणि आयपीएच्या हप्त्यांची नोंद जोडून उत्तर पाठवा आणि त्याची प्रत ऑफिशियल रिसीव्हरला द्या. हे तिन्ही कागद आदेश निघाल्या दिवसापासून एकाच फाइलमध्ये ठेवलेले असतील तर अर्ध्या तासाचं काम आहे.